लाकूडव्यापाराचे कायदेशीर नियमन

लाकूडव्यापाराचे कायदेशीर नियमन : वनातून अथवा खाजगी जमिनीतून आलेले लाकूड योग्य अधिकाराने तोडले गेले आहे, त्यावरील स्वामित्वशुल्क वा कर भरला गेला आहे आणि ते रीतसर मार्गाने सध्याच्या धारकाकडे आले आहे, याची खात्री करून घेण्याची व्यवस्था. धान्य, कापड यांसारख्या मालाच्या बाबतीत तो ज्याच्या ताब्यात आहे त्याचाच असावा, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. लाकडाच्या बाबतीत भारतीय कायद्याचे गृहीतक याच्या उलट आहे. ओंडका बुंध्यापासून अलग झाला, की तो कोणत्या जमिनीवर उभा होता हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून त्याच्या उगमाचा पुरावा त्याच्याबरोबरच प्रवास करीत राहिला पाहिजे, या तत्त्वावर ही सर्व व्यवस्था उभी आहे. तो पुरावा कोणी द्यावयाचा आणि तो देणे सामान्य माणसाला कितपत शक्य आहे, हा या विषयाच्या इतिहासातील कळीचा प्रश्न होय.

पूर्वपीठिका : लाकूडतोडीवर राजसत्तेचे नियंत्रण असावे, ही कल्पना ब्रिटिशांच्या आधीची आहे. मराठेशाहीतील राजनीतीवर रामचंद्रपंत अमात्य यांनी सु. १७१५-१६ मध्ये सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी स्वतंत्र सूचना आहेत. सागवानासारखे आरमारास उपयुक्त वृक्ष राज्याच्या अरण्यांतून परवानगीने तोडावेत व अधिक लागेल ते लाकूड परमुलखातून खरेदी करावे, असे तीत सांगितले आहे. आंबा, फणस इ. झाडांचे लाकूडही आरमाराच्या कामाचे असले, तरी रयतेने ती दीर्घकाळ पोटच्या लेकरांप्रमाणे जोपासलेली असल्यामुळे त्यांना हात लावू नये. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून व मोबदला देऊनच ते तोडावे, असा निर्बंध त्यात आढळतो. राज्याचे वृक्ष व रयतेचे वृक्ष यांतील हा भेद आणि मालकाच्या संमतीचे तत्त्व या दोन गोष्टी पुढील काळाच्या तुलनेत विशेष लक्षणीय ठरतात.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये ओक लाकडाची टंचाई जाणवू लागली आणि सागाला युद्धोपयोगी महत्त्व आले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारी सागाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ मध्ये बांधून झालेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेले आहे. या लाकडाचा पुरवठा अखंड रहावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याची मलबार व त्रावणकोर येथील वनसंरक्षक म्हणून नेमणूक केली. त्याने सागावर कंपनीची मक्तेदारी प्रस्थापित केली व खाजगी जमिनीवरील सागही तीत ओढला. जमीनमालक व लाकूडव्यापारी यांत तीव्र असंतोष पसरला आणि अखेर मद्रासचा गव्हर्नर सर टॉमस मन्रो याने १८२३ मध्ये हे पद रद्द केले. संमतीवाचून केलेले नियंत्रण टिकत नाही, याचा हा पहिला धडा होता. तथापि तो फार काळ स्मरणात राहिला नाही.

वन अधिनियम : लोहमार्गांच्या बांधणीला १८५० नंतर वेग आला. शिळ्यांसाठी (रुळांखालील आडव्या लाकडांसाठी) साग, साल व देवदार यांची प्रचंड तोड झाली. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाची पहिला वनमहानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. १८६५ मध्ये पहिला आणि १८७८ मध्ये अधिक व्यापक असा दुसरा वन अधिनियम करण्यात आला. दुसऱ्या अधिनियमाच्या आधी झालेल्या चर्चेत बेडन-पॉवेल याने वनांवर शासनाची निरपवाद मालकी असावी असा आग्रह धरला, तर ब्रँडिसने गावांचे रूढ हक्क मान्य करावेत असे मत मांडले. प्रत्यक्षात पहिल्या मताचा प्रभाव अधिक राहिला.

१९२७ चा भारतीय वन अधिनियम हा १८७८ च्या अधिनियमाचाच पुढील अवतार असून, लाकूडव्यापाराच्या दृष्टीने त्यातील काही तरतुदी महत्त्वाच्या आहेत. इमारती लाकूड, कोळसा, लाख, राळ, साल, मोहाची फुले इ. वस्तू वनातून आणलेल्या असोत वा नसोत, त्या ‘वनोत्पन्न’ या संज्ञेत येतात (कलम २). वनोत्पन्नाच्या जलमार्गाने वा खुष्कीच्या मार्गाने होणाऱ्या वाहतुकीवर नियम करण्याचा अधिकार राज्य शासनास आहे (कलम ४१). वाहत आलेले, किनाऱ्यास लागलेले, तसेच खूण नसलेले वा खूण पुसलेले लाकूड, कोणी हक्क सिद्ध करीपर्यंत, काही क्षेत्रांत शासनाचे मानले जाते (कलम ४५). खोटी खूण उमटविणे वा खरी पुसणे हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे (कलम ६३). या सर्वांवर कळस म्हणजे, एखादे वनोत्पन्न शासनाचे आहे किंवा नाही असा प्रश्न कारवाईत उद्भवल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते शासनाचेच समजावे, हे गृहीतक होय (कलम ६९). चोरट्या तोडीला आळा घालण्यास ही तरतूद उपयुक्त ठरली. पण आपल्याच बांधावरील झाड विकणाऱ्या शेतकऱ्यावरही तिने पुराव्याचा भार टाकला.

ब्रह्मदेशातील सागाचा वाद : ओंडक्यांच्या हिशेबाला किती राजकीय वजन येऊ शकते, याचे उदाहरण ब्रह्मदेशाच्या (म्यानमारच्या) इतिहासात आढळते. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीकडे उत्तर ब्रह्मदेशातील सागवनांचे ठेके होते. ठरलेली रक्कम न भरता कंपनीने अधिक ओंडके बाहेर नेले, असा ठपका ठेवून १८८५ मध्ये मंडालेच्या राजमंडळाने तिला सु. २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. किती ओंडके गेले व ठेक्याच्या अटींनुसार त्यांवर किती रक्कम देय होती, याविषयी दोन्ही पक्षांत मतभेद होते. फ्रेंचांच्या वाढत्या प्रभावाच्या धास्तीने संधी शोधणाऱ्या ब्रिटिशांनी हा वाद निमित्त केला आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध झाले. पदच्युत थीबा राजाला रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. १९१६ मध्ये त्याचा तेथेच अंत झाला. त्याच्यासाठी बांधलेला थीबा पॅलेस रत्नागिरीत आजही उभा आहे.

खुणा, परवाना व नाका : वनोत्पन्नाच्या नियमनाची प्रत्यक्ष कार्यपद्धती शतकभर फारशी बदललेली नाही. कार्य-आयोजनेनुसार त्या वर्षी तोडावयाच्या कूपातील झाडांवर हातोड्याने खूण उमटवितात. त्यांपैकी एक खूण बुंध्याच्या तळाशी असते, म्हणजे झाड तोडल्यानंतरही ती खुंटावर राहते व तपासणीस उपयोगी पडते. तोडलेल्या प्रत्येक नगाला क्रमांक देऊन त्याची लांबी व घेर नोंदवितात आणि त्यावरून घनफळ काढतात. माल आगारात (डेपोत) आणून त्याचे ढीग लावून लिलाव करतात. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर येथील सागाचे आगार या दृष्टीने प्रसिद्ध आहे. विक्रीनंतर मालाबरोबर वाहतूक परवाना देण्यात येतो. त्यात नगांची संख्या, जात, मोजमाप, मार्ग व मुदत ही नमूद असतात आणि वाटेतील तपासणी नाक्यांवर त्याची पडताळणी होते. वखारीत अथवा आरागिरणीत आल्यानंतर आवक, चिरकाम व विक्री यांच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात.

या साखळीतील कच्चे दुवे सर्वज्ञात आहेत. एकाच परवान्यावर मुदतीत दोन खेपा करणे, राखीव वनातील लाकूड शेतातील म्हणजे ‘मालकी’चे असल्याचे दाखविणे, चिरकामात जाणारी घट फुगवून वा कमी दाखवून नोंदवही जुळविणे, हे गैरप्रकारांचे नेहमीचे मार्ग होत. ओंडका चिरला गेला, की त्यावरील खूणही नष्ट होते. म्हणून आरागिरणी हा नियमनातील सर्वांत नाजूक टप्पा मानला जातो. सूक्ष्मदर्शकाने काष्ठरचना तपासून लाकडाची जात किंवा निदान प्रजाती ओळखता येते. डेहराडूनची वन संशोधन संस्था व बंगळुरूची काष्ठविज्ञान संस्था येथे यासाठी लाकडाच्या नमुन्यांचे संग्रह आहेत. जनुकीय व समस्थानिकीय परीक्षणाने लाकूड कोणत्या प्रदेशातील आहे याचा अंदाज बांधता येतो. परंतु त्यासाठी त्या प्रदेशातील संदर्भ-नमुने आधी गोळा केलेले असावे लागतात. त्यामुळे दैनंदिन व्यवहारात कागदाला पर्याय उरत नाही.

महाराष्ट्रातील मालकी वृक्ष : मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे वनसंरक्षकपद आले. पुढे वनांच्या सीमा आखताना ठाणे व कुलाबा (विद्यमान रायगड) जिल्ह्यांत शेतकरी व आदिवासी यांच्या हक्कांचा संकोच झाला. त्याविषयीच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी १८८५ मध्ये शासनाला आयोग नेमावा लागला. महात्मा जोतीराव फुले यांनीही शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात जंगलखात्याच्या जाचावर कठोर टीका केली आहे. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसद, बिळाशी, संगमनेर, चिरनेर इ. ठिकाणी हाच असंतोष उफाळून आला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथे गोळीबार होऊन सत्याग्रही हुतात्मे झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात खाजगी जमिनीवरील वृक्षांसाठी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ करण्यात आला. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, आंबा, फणस, ऐन, किंजळ इ. वृक्षांचा समावेश असून, ते तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मालकी वृक्ष विकू इच्छिणाऱ्याने सातबारा उतारा सादर करावयाचा, जमीन वनालगत असल्यास हद्दीची मोजणी करून घ्यावयाची, झाडांची यादी व खुणा करवून घ्यावयाच्या आणि तोडीनंतर वाहतूक परवाना मिळवावयाचा, असा हा क्रम आहे. ही कामे महसूल, भूमिअभिलेख व वन अशा निरनिराळ्या खात्यांकडे असल्यामुळे लहान खातेदाराला ती जमत नाहीत. साहजिकच तो उभे झाड ठेकेदाराला विकून मोकळा होतो आणि कागदपत्रे करण्याची हातोटी असलेल्या ठेकेदाराकडे किमतीचा मोठा वाटा जातो. आदिवासींची या व्यवहारात विशेष फसवणूक होत असल्याने १९६९ मध्ये अनुसूचित जमातींच्या खातेदारांकडून होणाऱ्या वृक्षविक्रीचे विनियमन करणारा स्वतंत्र अधिनियम राज्याने केला आणि अशी विक्री जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीच्या अधीन केली. केवळ मनाई न करता विक्रेत्याच्या वतीने शासनाने व्यवहारात लक्ष घालावे, ही कल्पना त्यात प्रथमच स्पष्टपणे आली.

न्यायालय व आरागिरण्या : निलगिरी जिल्ह्यातील गुडलूर येथील वृक्षतोडीसंबंधी टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशाने देशातील लाकूडव्यापाराचे स्वरूप पालटले. मालकी कोणाचीही असली, तरी शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे त्याला वनसंवर्धन अधिनियम, १९८० लागू होतो, असे न्यायालयाने ठरविले. मान्य कार्य-आयोजनेवाचून होणारी वनांतील तोड थांबविण्यात आली आणि ईशान्य भारतातून बाहेर जाणाऱ्या लाकडावर बंदी आली. विनापरवाना आरागिरण्या बंद करण्याचे आदेशही पुढे निघाले. ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने केंद्रीय अधिकार समितीच्या पूर्वपरवानगीविना नवीन आरागिरणीस परवाना देण्यास राज्यांना मनाई झाली. वनांवरील ताण यामुळे निश्चितच घटला; परंतु ईशान्येकडील अनेक कुटुंबांचा रोजगारही एकाएकी गेला. २०१६ मध्ये केंद्र शासनाने काष्ठाधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली व परवान्यांचा निर्णय राज्यस्तरीय समित्यांकडे आला. उद्योगांनी कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांकडून वाढवून घ्यावा, हे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीचे धोरणही आता अधिक महत्त्वाचे ठरले.

आंतरराष्ट्रीय व्यापार : एका देशातील चोरटे लाकूड दुसऱ्या देशात उजळमाथ्याने विकले जाऊ नये, यासाठी आयात करणाऱ्या देशांनी गेल्या काही दशकांत कायदे केले. संकटग्रस्त जातींच्या व्यापारासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार (साइट्स) १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे संमत झाला. १९७५ पासून तो अंमलात असून भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. अमेरिकेने १९०० च्या लेसी अधिनियमात २००८ मध्ये सुधारणा करून परदेशी कायदा मोडून तोडलेले लाकूड आयात करणे हा गुन्हा ठरविला. आयातदाराला लाकडाचे शास्त्रीय नाव, तोडीचा देश, परिमाण व किंमत यांचे घोषणापत्र द्यावे लागते. यूरोपीय संघाने २००३ मध्ये या संदर्भात कृतियोजना आखली आणि २०१० मध्ये संमत केलेला लाकूडविषयक विनियम ३ मार्च २०१३ पासून लागू केला. ऑस्ट्रेलिया (२०१२) व जपान (२०१६) यांनीही तत्सम कायदे केले.

परदेशी कायद्याच्या संदिग्धतेचा फटका व्यापाऱ्याला कसा बसतो, हे अमेरिकेतील गिब्सन या गिटार बनविणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात दिसून आले. मादागास्करमधील एबनी व भारतातील शिसवी व एबनी लाकडाच्या पट्ट्या यांवरून २००९ व २०११ मध्ये तिच्यावर छापे पडले. २०१२ मध्ये कंपनीने तडजोडीने ३ लाख डॉलर दंड भरला, तो मादागास्करच्या लाकडासंबंधी. भारतीय पट्ट्या मात्र परत करण्यात आल्या. कारण त्या चिरीव लाकूड समजावयाच्या की वाद्याचे सुटे भाग, याविषयी भारतातील निर्यात-वर्गीकरणातच सुसंगती नव्हती.

शिसवाच्या प्रजातीसंबंधी (डाल्बर्जिया) याहून व्यापक प्रश्न निर्माण झाला. चीनमधील तांबड्या लाकडाच्या फर्निचरच्या मागणीमुळे अनेक देशांतील शिसववृक्ष नष्ट होत होते. निरनिराळ्या जातींचे लाकूड दिसण्यात सारखे असल्याने २ जानेवारी २०१७ पासून जवळजवळ संपूर्ण प्रजातीच साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आली. उत्तर भारतात शेताच्या बांधावर व कालव्याकाठी मुबलक वाढणारा शिसू (शीशम) त्यात सापडला आणि सहारनपूर, जोधपूर येथील हस्तव्यवसायाची निर्यात अडचणीत आली. शिसूला वगळण्याचा भारताचा प्रस्ताव २०१९ च्या परिषदेत फेटाळला गेला. २०२२ मध्ये पनामा येथे मात्र १० किग्रॅ. वजनाची सवलत संपूर्ण खेपेस नव्हे, तर प्रत्येक नगास लागू समजावी, असा खुलासा मिळाला व लहान कारागिरांना दिलासा लाभला.

साहाय्याची व्यवस्था : नियम पाळू इच्छिणाऱ्याला पुरावा उपलब्ध करून देणाऱ्या यंत्रणेची आवश्यकता या अनुभवांतून पटत गेली. हस्तव्यवसाय निर्यात प्रोत्साहन परिषदेने ‘वृक्ष’ या नावाची प्रमाणन योजना सुरू केली. वस्तूसाठी वापरलेले लाकूड कोठून खरेदी केले याची कागदपत्रे तपासून परिषद खेपेगणिक प्रमाणपत्र देते व शिसवी वस्तूंच्या निर्यातीत ते मान्य केले जाते. इंडोनेशियाने शासकीय वनांपासून घरगुती कारखान्यांपर्यंत सर्वांना लागू होणारी वैधता-पडताळणी पद्धती उभारली; तिच्या आधारे यूरोपीय संघाच्या योजनेतील पहिले परवाने त्या देशाने नोव्हेंबर २०१६ मध्ये दिले.

भारतात निलगिरी, सुबाभूळ, पॉपलर यांसारख्या लागवडीच्या झाडांना अनेक राज्यांनी वाहतूक परवान्यातून वगळले असले, तरी याद्या राज्यागणिक भिन्न असल्याने सीमेवर अडचणी येत. यावर उपाय म्हणून २९ डिसेंबर २०२३ पासून देशभर राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली सुरू करण्यात आली. तीत संगणकीय परवाना मिळतो व वगळलेल्या जातींसाठी धारकाला स्वतःच ना-हरकत पत्र तयार करता येते. त्याच वर्षी भारतीय वन व काष्ठ प्रमाणन योजनाही जाहीर झाली.

सर्वांत अर्थपूर्ण बदल मात्र गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावी घडला. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये सामूहिक हक्क मिळूनही गावाने तोडलेल्या बांबूला वाहतूक परवाना मिळत नव्हता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. मालकी मिळाली तरी परवान्यावाचून ती विक्रीच्या उपयोगी पडत नाही, हे या घटनेने दाखवून दिले. २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन गौण वनोपजाचा वाहतूक परवाना देण्याचा ग्रामसभेच्या समितीचा अधिकार मान्य झाला. तर वनाबाहेरील बांबू २०१७ मध्ये वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतूनच वगळण्यात आला.

यापुढील काळात पुराव्याचे स्वरूप अधिक काटेकोर होत जाईल, असे दिसते. यूरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्वनीकरणविरोधी विनियमानुसार लाकूड, कॉफी, रबर इ. वस्तू ज्या जमिनीतून आल्या तिचे भौगोलिक निर्देशांक द्यावे लागणार आहेत आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर निर्वनीकरण झालेल्या जमिनीतील माल वर्ज्य ठरणार आहे. व्यापाऱ्यांच्या व उत्पादक देशांच्या अडचणी लक्षात घेऊन त्याची अंमलबजावणी २०२४ व २०२५ मध्ये लांबणीवर टाकण्यात आली. मोठ्या कारखान्यांना अशी माहिती जमविणे शक्य असते. दहा-वीस झाडांचा शेतकरी, लहान वखारवाला व कारागीर यांना ते साहाय्यावाचून शक्य नाही. पुरावा देणे दुर्घट झाले, की प्रामाणिक माणूसही परवानावाल्या मध्यस्थाच्या आश्रयाला जातो आणि चोरट्या लाकडाला नेमकी तेथेच वाट मिळते. म्हणून परवाना मिळविण्याची सुलभता ही व्यापाऱ्यावरील मेहेरनजर नसून वनरक्षणाचाच एक भाग मानणे आवश्यक आहे.